चुकीची चिठ्ठी देणारा कोण?

घरातील दिवे गेले की आपण प्रथम खिडकीतून शेजाऱ्याच्या घराकडे पाहतो. तेथे उजेड असला तर बिघाड आपल्या घरात. तेथेही अंधार असला तर तो बाहेर कोठेतरी. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही साधी परीक्षा, कार्यालयातील संगणक अडून बसला की, आपण पार विसरतो आणि समोर बसलेल्या माणसालाच विचारतो, "काय दाबलंत तुम्ही?" या एका प्रश्नाने एका सज्जन हिशेबनिसांना चार दिवस किती मनस्ताप झाला, हे आम्ही जवळून पाहिले आहे. असा प्रसंग आपल्या कोणत्याही संस्थेत, शाळेत किंवा पेढीवर येऊ शकतो, म्हणून ती हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ज्या पतसंस्थेशी आमचा बऱ्याच वर्षांचा संबंध आहे, तिच्या कार्यालयात आठ संगणक आहेत. दोन दिवसांच्या सुटीनंतर सोमवारी कार्यालय उघडले, तेव्हा त्यांपैकी तिघांवर बँकेचे पान उघडेना. महिन्याचा पहिला आठवडा होता; ठेवींवरील व्याज सभासदांच्या बँक खात्यांत वळते करण्याचे ते दिवस. कित्येक वृद्ध सभासदांची महिन्याची औषधे त्या व्याजावर येतात. बँकेच्या व्यवहारासाठी लागणारी डिजिटल सहीची व्यवस्था हिशेबनिसांच्या संगणकावर होती, आणि नेमका तोच अडला होता. छपाईयंत्र चालत होते, शेजारच्या टेबलावरील संगणक चालत होता. तेव्हा दोष हिशेबनिसांचाच, असे चिटणिसांनी ठरवून टाकले. मंगळवारी अडलेल्या संगणकांची संख्या पाच झाली. बोलावलेल्या कारागिराने यंत्र चार वेळा बंद-चालू केले, विषाणू शोधले आणि अखेर निदान केले, की हिशेबनिसांचा संगणक सगळा पुसून नव्याने बसवावा लागेल. निवृत्तीला आलेला तो गृहस्थ खाली मान घालून बसून राहिला.

गुरुवारी एका सभासदांची सून कार्यालयात आली. ती संगणक अभियंता आहे. तिने यंत्राला हात लावण्यापूर्वी एकच प्रश्न विचारला, "काका, याला पत्ते कोण सांगतं?"

हा प्रश्न समजण्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. संगणक एकमेकांना नावाने नव्हे, तर आकड्यांनी ओळखतात. आपण बँकेचे नाव टंकलिखित करतो, तेव्हा त्या नावाचा आकडी पत्ता कोणीतरी शोधून द्यावा लागतो. प्रारंभी अशा नावांची एकच यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत राखली जात असे आणि सर्वांनी तिची प्रत उतरवून घ्यावयाची, असा प्रघात होता. संगणक वाढले, यादी अपुरी पडू लागली, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावे आणि आकडे अनेक ठिकाणी वाटून ठेवण्याची योजना मांडली. तीच आजची डीएनएस. नाव सांगितले की आकडा सांगणाऱ्या संगणकाला डीएनएस सर्व्हर म्हणतात.

पण हा सर्व्हर कोठे आहे, हे कार्यालयातील संगणकाला कोण सांगणार? त्यासाठी १९९३ साली डीएचसीपी नावाची पद्धत रूढ करण्यात आली. नवख्या पाहुण्याने धर्मशाळेत येऊन "येथे कोणी आहे का?" अशी हाक द्यावी, आणि व्यवस्थापकाने त्याच्या हाती एक चिठ्ठी द्यावी, तसा हा प्रकार आहे. चिठ्ठीवर चार गोष्टी असतात: तुझा क्रमांक हा, बाहेर जाण्याचे दार हे, नावे विचारावयाची ती यांना, आणि ही चिठ्ठी इतक्या मुदतीपुरती. यात एक मोठे वैगुण्य आहे. संगणक चिठ्ठी देणाऱ्याची ओळख पटवून घेत नाही. हाकेला दोघांनी ओ दिली, तर बहुधा ज्याचे उत्तर आधी आले त्याचीच चिठ्ठी तो खरी मानतो.

सूनबाईंनी काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग ऑल' ही आज्ञा दिली आणि पडद्यावरील ओळी कागदावर उतरवून घेतल्या. मग चालू असलेल्या संगणकावर तीच आज्ञा देऊन दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. बाहेर जाण्याचे दार दोहोंत एकच होते. डीएनएस सर्व्हरचे आकडे मात्र निरनिराळे होते. पुढे तिने नावाऐवजी बाहेरचा एक आकडी पत्ता देऊन हाक मारली, तर उत्तर तत्काळ आले. म्हणजे रस्ता खुला होता. फक्त नावे सांगणारा चुकीचा होता. शेवटी तिने 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीवर बोट ठेवले. चांगल्या संगणकाला चिठ्ठी देणाऱ्याचा आकडा १९२.१६८.१.१, म्हणजे कार्यालयाचा राउटर. अडलेल्याला देणाऱ्याचा १९२.१६८.१.५. हा पाचवा कोण?

जोडणीच्या पेटीतील एकेक तार काढून पाहता तो सापडला. दस्तऐवजांच्या खोलीत जुना सर्व्हर घुरघुरत होता. लेखापरीक्षकांना जुनी खाती हवी होती, म्हणून आदल्या शुक्रवारी तो चालू करण्यात आला होता, आणि तसे सांगणारे दस्तुरखुद्द चिटणीसच होते! पूर्वी चिठ्ठ्या वाटण्याचे काम त्याच सर्व्हरकडे असे. मध्यंतरी संस्थेने इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली होती. त्याच्याजवळ मात्र जुन्या कंपनीच्या डीएनएसचे आकडे होते, आणि ती कंपनी परक्या ग्राहकांच्या प्रश्नांना उत्तर देत नव्हती.

मग सर्व कोडी उलगडली. राउटरच्या चिठ्ठीची मुदत चोवीस तासांची होती. सुटीत ती संपली, सोमवारी संगणकांनी नव्याने हाक दिली, आणि काहींना जुन्या सर्व्हरने आधी गाठले. मंगळवारी आणखी दोघांची तीच गत झाली. एकदा चिठ्ठी घेतली, की मुदत आहे तोवर संगणक ती त्याच देणाऱ्याकडून वाढवून घेतो. म्हणून बंद-चालू करून काहीही साधत नव्हते.

जुन्या सर्व्हरची ती सेवा बंद केली, अडलेल्या संगणकांना 'रिलीज' आणि 'रिन्यू' या आज्ञा देऊन नव्या चिठ्ठ्या घ्यावयास लावले, आणि पंधरा मिनिटांत बँकेचे पान उघडले. व्याज त्याच दिवशी सभासदांच्या खात्यांवर रवाना झाले. सर्व संगणक पुसला असता, तरीही नव्याने बसवलेल्या यंत्राने पुन्हा तीच चिठ्ठी घेतली असती, आणि नोंदी गेल्या असत्या त्या वेगळ्याच.

अशा वेळी पुष्कळजण प्रत्येक संगणकात योग्य आकडे हाताने भरून मोकळे होतात. काम निघते, परंतु पुढे काही बदल झाला की तो संगणक नवी माहिती घेत नाही, आणि आकडे कोणी भरले याची आठवण कोणालाच नसते. देणाऱ्याला दुरुस्त करावे, घेणाऱ्याला नव्हे. कोणीतरी घरून आणलेला राउटर चुकीच्या भोकात जोडला, तरी तोही अशाच चिठ्ठ्या वाटू लागतो. मोठ्या कार्यालयांत जोडणीच्या पेटीलाच असे शिकवून ठेवता येते, की ठरलेल्या जागेखेरीज आलेली चिठ्ठी पुढे जाऊ द्यावयाची नाही.

येथे चूक निष्पाप होती. ती नेहमीच तशी असेल असे नाही. २०११ साली अमेरिकेच्या एफबीआयने डीएनएसचेंजर नावाच्या विषाणूमागील टोळी उघडकीस आणली. शंभरावर देशांतील सुमारे ४० लाख संगणकांतील डीएनएसचे आकडे तिने परस्पर बदलले होते. लोक नाव एक टंकलिखित करीत आणि पोहोचत भलतीकडे. म्हणून बँकेचे पान उघडताना प्रमाणपत्राविषयी इशारा आला, तर तो डावलून पुढे जाऊ नये, आणि डीएनएसचे आकडे मधूनमधून पडताळावेत. आपल्या संस्थेचे खरे आकडे एका कागदावर लिहून तो कपाटाच्या दारावर आतून चिकटवला, तर पडताळा क्षणात होतो. आमच्या पतसंस्थेत आता तसा कागद लागला आहे. त्यावरील अक्षर हिशेबनिसांचे आहे.

त्या गुरुवारी सायंकाळी चिटणीस त्यांच्या टेबलाशी गेले आणि सर्वांदेखत म्हणाले, "माझं चुकलं. मी आधी विचारायला हवं होतं." हिशेबनिसांनी चष्मा पुसला, "चहा घ्या," एवढेच म्हटले, आणि व्याजाच्या यादीवर पुन्हा नजर फिरवू लागले.