ग्रंथालय संकेतस्थळांची सुगम्यता
दृष्टिहीन वाचकांना, तसेच मंदगती इंटरनेट-जोडणी असलेल्या वाचकांना ग्रंथालयाची तालिका व अंकीय ग्रंथ इतरांच्या मदतीवाचून वापरता यावेत, अशी संकेतस्थळाची रचना. या दोन गरजा वरवर भिन्न दिसत असल्या, तरी आशय चित्ररूपात न ठेवता सुसंघटित मजकुराच्या रूपात ठेवल्यास दोहोंची बव्हंशी पूर्तता होते.

दृष्टिहीन व्यक्ती ‘स्क्रीन रीडर’ या प्रकारच्या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक वापरते. ही आज्ञावली मजकूर कृत्रिम वाणीत वाचून दाखविते किंवा जोडलेल्या साधनावर ⟶ ब्रेल लिपीत उमटविते. ग्रंथाच्या पानांची केवळ छायाचित्रे ठेवल्यास तिला मजकूर थेट मिळत नाही. संगणकाकडून अक्षरे ओळखवून घेता येतात. परंतु जुन्या, पुसट छपाईत चुका राहतात. मराठीत आणखी एक अडचण उद्भवली. युनिकोडपूर्व टंकांत रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकृती बसविलेल्या असत. त्यामुळे डोळ्यांना शुद्ध दिसणारे पान कानांना निरर्थक ऐकू येते. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे, हाच त्यावरील उपाय होय.

वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १९९९ मध्ये सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांच्या सुधारित आवृत्त्या २००८, २०१८ व २०२३ मध्ये निघाल्या. त्यांनुसार चित्रांना शब्दरूप पर्याय द्यावा, शीर्षके क्रमवार असावीत, पानाची भाषा नोंदलेली असावी आणि सर्व क्रिया केवळ कळफलकाने करता याव्यात. तालिकेतील शोधचौकटीला ‘लेखक’, ‘ग्रंथनाम’ असे नाव संकेतातच जोडावे लागते. अन्यथा कोणत्या रकान्यात काय लिहावयाचे, हे ऐकणाऱ्यास कळत नाही.

मंदगती जोडणीवर आशयाचा आकार निर्णायक ठरतो. प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षरचिन्हास ३ बाइट लागतात. म्हणजे २,००० चिन्हांचे पान सु. ६,००० बाइटांचे होते. सेकंदास ५०,००० बिट वेगाने ते सु. एका सेकंदात पोहोचते; त्याच पानाचे ५ लाख बाइटांचे छायाचित्र येण्यास ८० सेकंद लागतात. दुर्मिळ ग्रंथाच्या मूळ पानाचे रूप अभ्यासकांस आवश्यक असते. म्हणून छायाचित्र वगळण्याऐवजी ते मागणीनुसार स्वतंत्रपणे उघडेल, अशी सोय करणे इष्ट ठरते.

तालिकेत सापडलेला ग्रंथ वाचनसुलभ रूपात नसेल, तर सेवा अपुरीच राहते. भारतात २०१२ च्या प्रताधिकार (दुरुस्ती) अधिनियमाने अपंग व्यक्तींसाठी असे रूपांतर करण्यास मुभा दिली. याच हेतूने २०१३ मध्ये झालेल्या माराकेश कराराला अनुसमर्थन देणारे भारत हे पहिले राष्ट्र होय (२०१४). २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने माहिती सुगम्य रूपात उपलब्ध करण्याचे दायित्व शासनावर सोपविले.