डोमेनच्या नावात शब्द कोंबून गूगल भुलत नाही

देवगडचा एक तरुण बागायतदार परवा कागद घेऊन आला. यंदा हापूस थेट गिऱ्हाइकाला विकायचा, त्यासाठी वेबसाइट हवी. कागदावर डोमेनचं नाव तयार होतं : बेस्ट-ओरिजिनल-देवगड-हापूस-मँगो-ऑनलाइन डॉट कॉम. रोमन लिपीत ३४ अक्षरं, मध्ये पाच डॅश. "काका, एवढे शब्द नावात असले की गूगलवर आपणच पहिले."

हे वाक्य ऐकून ऐकून मला आता खरंच संताप येतो, कारण असली नावं सुचवायचे लोक पैसे घेतात. एके काळी यात थोडं तथ्य होतं. पण गूगलने सप्टेंबर २०१२ मध्येच, फक्त नावाच्या जोरावर वर येणाऱ्या सुमार साइट खाली ढकलणारा बदल केला. शंका असेल त्याने गूगलची वेबसाइटवाल्यांसाठीची मार्गदर्शिका उघडावी. डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही, असं तिथे सरळ लिहिलंय. गूगल बघतं ते पानावर काय आहे ते : पेटी कधी निघणार, डझनाचा भाव काय, पुण्याला किती दिवसांत पोचणार, आणि दुसऱ्या कोणी तुमच्या पानाचा दुवा दिलाय का.

फायदा नाहीच, उलट तोटा होतो. मी त्याला म्हटलं, "मी गिऱ्हाईक आहे असं समज आणि हे नाव मला फोनवर सांग." तिसऱ्या डॅशला तो स्वतःच अडखळला. मग 'देवगड'. ऐकणारा 'देव'ला व्ही लावेल की 'देओ' लिहील? 'गड'च्या शेवटी नुसता डी, की पुढे एच? 'हापूस'मध्ये यू की दोन ओ? मराठी शब्द रोमनमध्ये लिहिताना ही अडचण पावलोपावली येते. 'लक्ष्मी' कोणी एक्सने लिहितं, कोणी केएसएचने. 'ज्ञानेश्वर'ची सुरुवात मराठी माणूस डीएनने करतो, हिंदी माणूस जीने. प्रत्येक चुकीच्या स्पेलिंगमागे एक गिऱ्हाईक हातचं जातं. म्हणून नाव लहान हवं आणि ऐकणाऱ्याने एकाच तऱ्हेने लिहावं असं हवं. पाच जणांना फोनवर सांगा, लिहून पाठवायला सांगा, मग ठरवा.

डॉट कॉमच हवं, नाहीतर गूगल विचारत नाही, हेही खोटं. गिऱ्हाईक भारतातलंच असेल तर डॉट इन उत्तम. देवनागरीत डोमेन मिळत नाही, असं अजून पुष्कळांना वाटतं. डॉट भारत २०१४ पासून मिळतंय. मात्र त्यावरचा ईमेल पत्ता अनेक ऑनलाइन फॉर्म घेत नाहीत, तेव्हा जोडीला रोमन नाव ठेवा.

'नाव मोकळं होतं, म्हणजे घ्यायला हरकत नाही' ही समजूत मात्र महागात पडते. याहूच्या नावाला 'इंडिया' जोडून घेतलेलं डोमेन वापरायला दिल्ली उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली. व्यापारी नावासारखंच डोमेनलाही कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं.

आणि एकदा घेतलं की डोमेन कायमचं आपलं होत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षांची नोंदणी मिळते, पुढे नूतनीकरण. आमच्या घरच्या मसाल्यांच्या डोमेनची नोंदणी साइट बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर केली होती. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्याकडे गेल्या, तो फोन उचलेना, आणि पाकिटांवर छापलेला पत्ता आमच्या हातून गेला. पैसे कोणीही भरो, नोंदणी तुमच्या नावावर आणि ईमेल तुमचाच हवा.

त्या मुलाच्या आंब्याच्या पेट्यांवर आजोबांच्या वेळेपासून बागेचं तीन अक्षरी नाव छापलेलं आहे. ते त्याला सुचलंच नव्हतं. माझ्यासमोरच त्याने पाच जणांना फोन लावले. चौघांनी एकसारखं लिहिलं, मुंबईच्या मावशीने मध्ये एक ए जास्त घातला. त्याने दोन्ही डोमेन घेतली. मावशीचं उघडलं की पहिल्यावरच नेतं.