त्रिशंकूला मिळाला वॉर्ड!

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटला सातारा विनाथांबाच्या रांगेत उभं राहा. कंदी पेढा कुणाकडचा बेस्ट, कासला यंदा फुलं किती, राजे परवा काय बोलले, सगळ्याची लेटेस्ट खबर मिळते. मग हळूच विचारा, 'बॉस, तुमच्या वॉर्डाचा नगरसेवक कोण?' एकदम नेटवर्क गुल! मला असले प्रश्न विचारायची खोड आहे. पेठेतलं पब्लिक हसून विषय बदलतं. पण शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगरकडची मंडळी असली, की उत्तर यायचं, 'आम्हाला नगरसेवकच नाही.' हा काही टोमणा नव्हता. डिसेंबर २०२५ पर्यंत ही चक्क वस्तुस्थिती होती.

सातारा नगरपालिका १८५३ ची. म्हणजे सत्तावनच्या उठावाच्याही आधीची. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा, मंगळवार, शनिवार अशा पेठा आणि त्यांना धरून पालिकेची हद्द. २०११ च्या जनगणनेत या हद्दीत माणसं १,२०,१९५. पण गाव काय हद्द बघून वाढतं? वाडे पडले, भावाभावांच्या वाटण्या झाल्या, पोरं नोकरीला लागली आणि प्रत्येकाने कर्ज काढून थोडं लांब घर बांधलं. शाहूपुरी, विलासपूर, दरे खुर्द ही कागदोपत्री खेडी राहिली. तिथे सरपंच होता, ग्रामसभा होती. पत्र्यावर मात्र सगळे 'सातारा' लिहायचे आणि लग्नपत्रिकेवरही.

याहून भारी गंमत मधल्या पट्ट्यांची. काही भाग पालिकेतही नव्हता आणि कुठल्या ग्रामपंचायतीतही नव्हता. किल्ल्याच्या उतारावरचं शाहूनगर हे त्यातलं ठळक नाव. लोक याला त्रिशंकू भाग म्हणतात. आणि हा फक्त कट्ट्यावरचा शब्द नाही, हद्दवाढीच्या चर्चेतही तो सर्रास वापरला गेला. पुराणातल्या त्रिशंकूसाठी विश्वामित्रांनी निदान प्रतिसृष्टी तरी उभी केली होती. इथे दाखला मागायला ग्रामसेवकसुद्धा नाही. घर तीन बेडरूमचं, पार्किंगमध्ये दोन गाड्या आणि गटाराचा प्रश्न आला की थेट जिल्हा परिषद!

हद्दवाढीचा विषय कित्येक दशकं नुसता चघळला गेला. कारणं उघड आहेत. हद्द वाढली की मतदार बदलतात, मतदार बदलले की गणितं बदलतात. सरपंचाची खुर्ची जाते, गावकऱ्याला घरपट्टी वाढायची धास्ती. सांगलीने १९९८ मध्ये मिरज आणि कुपवाडसह थेट महापालिका करून टाकली. आपल्याकडे मात्र फाइल फिरत राहिली. अखेर सप्टेंबर २०२० मध्ये, ऐन कोविडात, राज्य सरकारने मंजुरी दिली. फटाके वाजले. वाजणारच.

सभा गेली, सदस्य आला नाही

आता खरी मेख ऐका. ग्रामपंचायत बरखास्त झाली, तशी ग्रामसभाही संपली. ग्रामसभा म्हणजे काय, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं. गावातला कुठलाही मतदार तिथे उभा राहून सरपंचाला तोंडावर विचारू शकतो, 'रस्त्याचे पैसे गेले कुठे?' पालिकेत तशी सोय नाही. तिथे तुमच्या वतीने नगरसेवक विचारतो. आणि सभागृहातले चाळीसच्या चाळीस नगरसेवक २०१६ मध्ये जुन्या हद्दीतून निवडून आलेले. नव्या भागाने मत दिलेला त्यांत एकही नव्हता.

बरं, डिसेंबर २०२१ मध्ये त्या सभागृहाचीही मुदत संपली. राज्यघटनेचं २४३-यू कलम सांगतं, की पाच वर्षं संपायच्या आत निवडणूक घ्या. पण ओबीसी आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचे घोळ आणि कोर्टाच्या तारखा यांत राज्यभरच्या निवडणुका अडकल्या. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला बजावलं, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. सप्टेंबर २०२० ते डिसेंबर २०२५. सव्वापाच वर्षं! एवढ्यात एखाद्याचं इंजिनीअरिंग होऊन पहिलं अप्रेझलसुद्धा झालं असेल.

डिसेंबर २०२१ नंतर पेठांनाही नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. 'प्रशासक बरा, राजकारण नाही,' असं म्हणणारे मला ऑफिसात रोज भेटतात. माझं त्यांच्याशी पटत नाही. प्रशासक हुशार असेल, प्रामाणिकही असेल, पण तो बदली होऊन जातो. नगरसेवक पाच वर्षांनी पुन्हा दारात येतो, चहाच्या टपरीवर सापडतो, तुमच्या आत्याच्या बारशाला-बाराव्याला हजर असतो. त्याला अडवता येतं. लोकशाहीतला हा भाग कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

मनोमिलन, पार्ट टू

साताऱ्याचं राजकारण म्हणजे दोन राजे आणि दोन आघाड्या. उदयनराजेंची सातारा विकास आघाडी, शिवेंद्रसिंहराजेंची नगरविकास आघाडी. पक्ष कुठलाही असो, पालिकेत भाषा आघाडीची. २००६ मध्ये दोघे चुलतभाऊ एकत्र आले आणि मराठी राजकारणाला 'मनोमिलन' हा खास सातारी शब्द मिळाला. सत्ता वाटून घेतली, नगराध्यक्षपद आलटून-पालटून. दहा वर्षं हा संसार चालला. २०१६ मध्ये मोडला. तेव्हा दोघेही राष्ट्रवादीत होते, तरी पालिकेत समोरासमोर. थेट नगराध्यक्षपदाला सातारा विकासच्या माधवी कदम यांनी शिवेंद्रसिंहराजेंच्या पत्नी वेदांतिकाराजे यांना हरवलं. जागा २२, १२ आणि भाजपला ६. पुढच्याच वर्षी, कोजागिरीच्या रात्री, सुरुची बंगल्याबाहेर दोन्हीकडचे समर्थक भिडले. त्या रात्रीनंतर गावाला 'भांडण नको बाबा' असं वाटलं, तर नवल नाही.

आज दोघेही भाजपमध्ये. एक खासदार, एक बांधकाममंत्री. २ डिसेंबर २०२५ ला मतदान झालं, तेव्हा सभागृह चाळीसचं पन्नास झालेलं होतं. प्रभाग २५, प्रत्येकी दोन नगरसेवक. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगरच्या लोकांनी पहिल्यांदाच पालिकेसाठी बटण दाबलं. वार मंगळवार. हिंजवडी-खराडीतून सुट्टी टाकून जाणाऱ्यांना माझा सलाम. २१ डिसेंबरला निकाल लागला आणि भाजपचे अमोल मोहिते नगराध्यक्ष झाले.

म्हणजे त्रिशंकूला वॉर्ड मिळाला, पण कधी? दोन्ही राजे एकाच बाजूला बसल्यावर. पूर्वी एका आघाडीने टेंडर काढलं, की दुसरी कागद घेऊन उभी राहायची. हेतू राजकीय असेल, पण फाइल उघडली जायची, पेपरात यायची. भाऊ भांडले, की गावाला निदान माहिती तरी मिळायची! आता ते काम कोण करणार?

माझ्या मते उत्तर नव्या भागातच आहे. तिथले नगरसेवक कुठल्या राजांचे, यापेक्षा ते कुठून आलेत हे त्यांनी लक्षात ठेवलं तर. त्यांचे प्रश्न पेठांसारखे नाहीत. पेठांना कासचं पाणी उतारावरून आपोआप येतं, शिवाय शहापूरची योजना आहे. उपनगरांत ठिकठिकाणी पाणी जीवन प्राधिकरणाचं. नळ कोरडा पडला, की नगरसेवक सांगणार 'ते प्राधिकरणाचं' आणि प्राधिकरण सांगणार 'तुम्ही आता पालिकेत आलात'. हा चेंडू थांबवायला सभागृहात उभं राहून विचारावं लागतं आणि पालिकेच्या कायद्यात सर्वसाधारण सभा दर दोन महिन्यांनी घ्यावी, असं लिहिलेलं आहे. विषयपत्रिका निघते, इतिवृत्त लिहिलं जातं. ते मागायला माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो, फी दहा रुपये. कॅपुचिनोच्या झागाएवढेसुद्धा नाहीत.

शाहूनगरच्या माझ्या मैत्रिणीने मात्र सुरुवात आणखी साधी केलीय. प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांचे नंबर मोबाइलमध्ये सेव्ह केलेत. एक 'पाणी', दुसरा 'गटार' या नावाने. फोन कुणी उचलला, याची वहीसुद्धा घातलीय. आतापर्यंत 'गटार' आघाडीवर आहे.