ऑनलाइन पत्त्यांत सुरुवातीलाच पैसे गेले? वसुलीला बसण्याआधी हा हिशेब पाहा

सोयाबीनची पट्टी झाली, खात्यावर पैसे जमा झाले. रात्री जेवण झाल्यावर अंथरुणात पडल्या पडल्या मोबाईलवर दोनशे रुपये टाकून पोकरचा डाव मांडला. तासाभरात दोनशे गेले. ते परत मिळवायला पाचशे टाकले, मग हजार. गावोगाव पोरांची सुरुवात साधारण अशीच होते. पहिल्या दोनशे रुपयांनी कुणाचं घर बसत नाही. घर बसतं ते त्या दोनशेच्या वसुलीला लावलेल्या पुढच्या पैशांनी.

आधी कायद्याचं सांगायला हवं, कारण अजून अनेकांना ते माहीत नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. त्याच आधारावर इतकी वर्षं या ॲपच्या जाहिराती चालल्या. नव्या कायद्यात कौशल्य की नशीब हा भेदच ठेवलेला नाही. पैसे लावून खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. कायदा आल्यावर मोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले. आता टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सॲपवर जी लिंक येते, ती बहुतेक परदेशातून चालणाऱ्या नाहीतर सरळ बनावट ॲपची असते. तिथे पैसे अडकले तर भांडायला समोर कुणी नसतं.

चांगली पानं येऊनही हार का होते?

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून पाच पानं उघडली जातात. हातातली दोन आणि टेबलावरची पाच मिळून ज्याची पाच पानं भारी, त्याचा डाव.

हातात दोन एक्के येणं म्हणजे सर्वात भारी सुरुवात. ती २२१ डावांत सरासरी एकदा मिळते. समोरच्याकडे दोन राजे असतील आणि दोघांनीही सगळे पैसे लावले, तरी एक्केवाला शंभरात साधारण अठरा वेळा हरतो. म्हणजे सगळं बरोबर खेळूनही पाच-सहा वेळांत एकदा पैसे जातात. दुसरं उदाहरण घ्या. टेबलावर तीन पानं उघडली आहेत आणि हातातली धरून बदामाची चार झाली आहेत, पाचवं हवंय. ते पुढच्या दोन पानांत यायची शक्यता साधारण ३५ टक्के. नवखा मात्र ‘आता येणारच’ म्हणून बसतो.

त्यामुळे शंभर-दोनशे डावांवरून कुणी चांगला खेळतो की वाईट, हे कळतच नाही. पहिल्या आठवड्यात हरलेला नशिबाला दोष देतो आणि जिंकलेला स्वतःला हुशार समजतो. दोघांचीही समजूत कच्चीच. खरं तर सुरुवातीला जिंकलेला जास्त धोक्यात असतो, कारण तो लवकर थांबत नाही.

टेबलवाल्याचा वाटा

पोकरमध्ये खेळाडू एकमेकांशी खेळतात, पण टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपली कट काढतो. हिशेबापुरतं समजा, चौघे पाचशे-पाचशे घेऊन बसले. टेबलावर दोन हजार आले. प्रत्येक डावात सरासरी शंभर रुपये जमतात आणि त्यातून पाच टक्के, म्हणजे पाच रुपये कापले जातात. मोबाईलवर तासाला साठ डाव सहज होतात. म्हणजे तासाला तीनशे रुपये टेबलाबाहेर गेले. याच चालीने साडेसहा-सात तासांत चौघांचेही खिसे रिकामे. कोण कुणाला हरवतो हा प्रश्नच उरत नाही. बाजार समितीत अडत कापली जाते, पण तिथे निदान माल तरी विकला जातो.

कर त्याशिवाय वेगळा. १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळात जमा केलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला होता, आणि निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस. हे सगळं वजा करून वसुली करायची म्हटलं, तर गेले त्यापेक्षा बरंच जास्त जिंकावं लागतं.

दुप्पट लावायची युक्ती

‘हरलं की दुप्पट लाव, एकदा लागलं की सगळं वसूल’ ही युक्ती पारावरसुद्धा ऐकायला मिळते. २०० पासून धरा. २००, ४००, ८००, १६००, ३२००. पाच वेळा हरलं की ६२०० रुपये गेले, आणि सहाव्यांदा ६४०० लावायचे. जिंकलं तरी पदरात काय पडतं? फक्त दोनशे. नाणं उडवून सलग पाच वेळा छापा पडणं बत्तीसात सरासरी एकदा घडतं. रोज रात्री एकदा ही युक्ती वापरली, तर सरासरी महिनाभरात एकदा ती रात्र येते.

हरल्यावर माणूस इरेला पेटतो, हा त्याहून मोठा धोका. पोकरवाले याला ‘टिल्ट’ म्हणतात. एरवी जी पानं टाकून दिली असती ती तो खेळतो, आणि छोट्या टेबलावरून उठून मोठ्या टेबलावर बसतो. तिथे बसलेले लोक अशाच गिऱ्हाइकाची वाट बघत असतात.

पैसे गेले असतील तर

पहिलं काम म्हणजे बेरीज. ॲपमधली नाही, बँकेच्या पासबुकातली आणि यूपीआयच्या नोंदींतली. वहीत एका बाजूला गेलेले, दुसऱ्या बाजूला खरोखर खात्यात परत आलेले. ॲपमध्ये दिसणारं ‘विनिंग’ धरायचं नाही. बहुतेकांचा स्वतःचा अंदाज आणि ही बेरीज जुळत नाही.

मग हा आकडा घरातल्या एका माणसाला सांगायचा. बायको, भाऊ, वडील, जो ऐकून घेईल तो. हे सगळ्यात जड जातं. पण सोसायटीच्या हप्त्याचे किंवा खत-बियाण्याचे पैसे त्यात गेले असतील, तर ते मार्चच्या तोंडावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. वसुलीसाठी लोन ॲपचं कर्ज काढायचं नाही, दागिना मोडायचा नाही.

सरळ डावात हरलेले पैसे परत मिळत नाहीत, ते गेले असंच धरावं. पण जिंकलेली रक्कम काढायला ‘आधी टॅक्स भरा’, ‘आधी प्रोसेसिंग फी भरा’ असं कुणी म्हणत असेल, तर तो डाव नाही, फसवणूक आहे. पुढचा रुपया न भरता लगेच १९३० ला फोन करावा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावेत. झोप लागत नसेल, जिवाचं बरंवाईट मनात येत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जुगाराची सवय हा आजार आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेलं आहे.

खेळच आवडत असेल, तर पैसे न लावता नुसत्या चिप्सवर खेळायला बंदी नाही. तिथे हरलं तर शिकायलाही मिळतं. नवखे बहुतेक वेळा एकाच कारणाने हरतात, जवळजवळ प्रत्येक डाव खेळतात. दहातली सात-आठ पानं सुरुवातीलाच टाकून देणं जमलं, की अर्धा खेळ आला.

आणखी एक प्रकार सांभाळा. हरलेल्या पोरांना ‘तुझं बँक खातं आणि सिम महिनाभर वापरायला दे, कमिशन देतो’ असं सांगणारे फिरतात. अशा खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो. मग खातं गोठतं, पोलीस खातेदाराच्या दारात येतात, आणि त्याच खात्यावर येणारी पीएम किसानची रक्कमही अडकून पडते.