मोटारीचा काटा खोटे का सांगतो?

मोटार चालविणाऱ्या माणसाचा समोरच्या दोन काट्यांवर मोठा विश्वास असतो. टाकीत पेट्रोल किती उरले हे त्याला डोळ्यांनी दिसत नाही आणि इंजिन किती तापले हे हात लावून पाहता येत नाही. काटे सांगतील ते खरे धरून तो घाट चढावयास लागतो. हे काटे चुकू लागले म्हणजे पेट्रोल अर्धी टाकी दिसत असता गाडी आडरानात उभी राहते. तापमानाचा काटा उगाच वर गेला तर धडधाकट इंजिनाचा रेडिएटर उतरविला जातो, थर्मोस्टॅट बदलला जातो, आणि काटा मात्र जिथल्या तिथे! याहून वाईट प्रकार असा, की 'आमचा काटा नेहमीच वर असतो' अशी मनाची समजूत घालून घेतली जाते आणि एखाद्या दिवशी पाणी खरोखरच उकळते तेव्हा त्याच्याकडे कुणी पाहत नाही.

जुन्या गाड्यांतील हा दोष शोधावयाचा कसा, याचा विचार आपण करू. त्यासाठी एक निश्चित उदाहरण घेणे बरे. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून मिनी, एमजीबी अशा ब्रिटिश मोटारींत स्मिथ्स कंपनीचे उष्णतेवर चालणारे काटे बसू लागले. आपल्या परिचयाची अँबॅसडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या कुळातली. तेव्हा हे घराणे आपणांस अगदीच परके नाही. मात्र गाडीगणिक यंत्र बदलते, म्हणून हात घालण्यापूर्वी त्या त्या गाडीचे माहितीपुस्तक पाहावे हे उत्तम.

या काट्याच्या पोटात दोन धातूंची जोडपट्टी असते. तिच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून वीज गेली की पट्टी तापते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून ती वाकते आणि काट्याला ढकलते. वीज किती जावी हे टाकीतील यंत्र ठरविते. तेथे पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. टाकी रिकामी असता या यंत्राचा रोध अडीचशे ओहमच्या आसपास असतो, भरली म्हणजे तो वीस-तीस ओहमवर येतो. रोध कमी झाला की वीज जास्त जाते आणि काटा वर चढतो. तापमानाच्या काट्याचेही तसेच. इंजिनातील पाण्यात बसविलेल्या यंत्राचा रोध पाणी तापले म्हणजे कमी होतो.

आता येथे एक अडचण आहे. गाडीतील विजेचा दाब स्थिर नसतो. इंजिन बंद असता तो साधारण बारा व्होल्ट, चालू असता चौदाच्या घरात. तेव्हा टाकीत थेंबभरही फरक न पडता नुसत्या दाबाने काटा वरखाली होईल. म्हणून या दोन्ही काट्यांना मिळून एक व्होल्टेज स्टॅबिलायझर दिलेला असतो. त्याचे काम दाब सरासरी दहा व्होल्ट राखण्याचे. त्याच्यातही तशीच जोडपट्टी आणि वेटोळे असते. पट्टी तापली की संपर्क तुटतो, निवाली की पुन्हा जुळतो. म्हणजे वीज सलग जात नाही, तुटक जाते. परंतु काटे इतके मंद असतात, की त्यांना ही उघडझाप जाणवत नाही. ते सरासरीवर स्थिर राहतात. किल्ली फिरविल्यावर काटा सावकाश वर येतो तो याच मंदपणामुळे. तो दोष नव्हे.

एवढे समजले की दोष शोधण्याची रीत आपोआप हाती येते. पहिला प्रश्न असा विचारावा: चुकतात ते दोन्ही काटे की एकच? दोन्ही एकाच वेळी बिघडणे हा योगायोग क्वचितच असतो. दोघांत सामाईक काय आहे ते पाहावे. दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर असतील तर स्टॅबिलायझरचे संपर्क चिकटले असावेत, किंवा त्याचे अर्थिंग गेले असावे. त्याच्या वेटोळ्यातील वीज गाडीच्या पत्र्यातून परतते. स्क्रूखाली गंज धरला की ती वाट बंद होते, पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही, आणि बॅटरीचा पुरा दाब काट्यांवर येतो. असा स्क्रू काढून पत्रा घासला की पुष्कळदा काम भागते. दोन्ही काटे मेल्यासारखे पडून असतील तर फ्यूज, पुरवठ्याची तार आणि मग स्टॅबिलायझर पाहावा. स्टॅबिलायझरच्या बाहेर जाणाऱ्या टोकाला तपासणीचा लहान दिवा लावला तर तो लुकलुकला पाहिजे. सलग पेटला वा पेटलाच नाही, तर दोष सापडला.

एकच काटा चुकत असेल तर त्याचे यंत्र व तार पाहावी. तार तुटली तर पेट्रोलचा काटा 'रिकामी'वर पडतो. तीच तार पत्र्याला टेकली तर 'भरली'वर जातो. खात्रीसाठी किल्ली बंद ठेवून टाकीच्या यंत्राची तार सोडवावी, तिच्यात व पत्र्यात सत्तर ओहमचा रोधक जोडावा आणि मग किल्ली फिरवून मिनिटभर थांबावे. काटा मध्याजवळ आला तर काटा व तार निर्दोष. टाकीतील यंत्र दोषी. तार सरळ पत्र्याला टेकवून पाहण्याची काही मिस्त्रींची सवय मात्र टाळावी. टाकीजवळ ठिणगी नको, आणि वेटोळे जळण्याचीही भीती असते.

जुना स्टॅबिलायझर गेला तर त्याच्या जागी आता ७८१० नावाचा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक भाग वापरता येतो. तो सलग दहा व्होल्ट देतो आणि जुन्याच डबीत मावतो, त्यामुळे गाडीचे मूळ रूप बिघडत नाही. येथे एक सावधगिरी हवी. एमजीबीसारख्या गाड्यांत १९६७ पर्यंत बॅटरीचे धन टोक पत्र्याला जोडलेले असे. जुन्या पट्टीला धन काय आणि ऋण काय, सारखेच. पण ७८१० उलटा जोडला तर तो तत्काळ निकामी होतो. म्हणून आधी बॅटरीची जोडणी पाहावी, आणि फलकामागे हात घालण्यापूर्वी बॅटरीची तार सोडवावी.

एवढ्या कामाला दिवा, रोधक आणि घासकागद पुरतो. काटा सर्वांत पुढे दिसतो म्हणून दोष प्रथम त्याच्या माथी मारला जातो. वास्तविक तो बिचारा त्याच्याकडे येईल तेवढीच वीज दाखवीत असतो. ती वीज कोठून आली आणि कोणत्या वाटेने परत गेली, हे पाहूनच मग पाना हातात घ्यावा.