शत्रूच्या खांबाची नक्कल

'वारसा', 'संगम', 'मिलाफ' अशा नावांची समूहप्रदर्शनं हल्ली कुठल्याही शहरात भरतात, आणि त्यांची मांडणी बहुतेक ठरलेली असते. एका भिंतीवर वारली, समोर मधुबनी, मध्ये लघुचित्रशैलीतली एखादी नायिका, कोपऱ्यात अमूर्त कॅनव्हास आणि निमंत्रणपत्रिकेवर विविधतेतल्या एकतेचं एक वाक्य. चित्रं चांगली असतात. पण शेजारीशेजारी टांगलेल्या दोन चित्रांनी एकमेकांकडून काही घेतलंय का, हे तिथे फारसं कोणी विचारत नाही. शेजार म्हणजेच मिलाफ, असं गृहीत धरलेलं असतं. नाशिकच्या माणसाला हे गृहीतक तपासून पाहायला लांब जावं लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात, फाळके स्मारकाच्या डोक्यावर, इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेलं आणि पुढे तीनेकशे वर्षं चालू राहिलेलं समूहप्रदर्शन उभं आहे: पांडवलेणी. त्यात 'भाग घेतलेल्यां'ची यादी आजच्या कुठल्याही आयोजकाला हेवा वाटावा अशी आहे. सातवाहन राजा कण्हाच्या काळातला नाशिकचा एक महामात्र. उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला यवन इंद्राग्निदत्त. क्षत्रप नहपानाचा शक जावई उषवदात आणि त्याची बायको दक्षमित्रा. दशपुरचा शक लेखनिक वुधिक. मुगुदास नावाचा एक कोळी. व्यापारी वीर, त्याची बायको आणि मुलगी. प्रत्येकाचं नाव भिंतीवर कोरलेलं आहे. तरी माझं म्हणणं असं की या डोंगरावरचं खरं मिश्रण या नावांच्या यादीत सापडत नाही. ते खांबांत सापडतं, आणि ते सद्भावनेतून आलेलं नाही. एकाच दगडावर, एकाच बाजारपेठेच्या आधाराने आणि बरंचसं ईर्ष्येपोटी केलेल्या कामातून ते आलंय.

खांब पाहायचे तर काम कसं चालायचं ते आधी ध्यानात घ्यायला हवं. इथला दगड बेसाल्ट, आपला सह्याद्रीचा काळा कातळ. लेणं कोरताना वरून खाली येतात. आधी छताची पातळी ठरते, मग खांबांचे माथे, मग दांडे, आणि पायथा सगळ्यात शेवटी. त्यामुळे परांची बांधावी लागत नाही, कारण अजून न फोडलेला कातळच पाथरवटाच्या पायाखालची जमीन असतो. बांधकामात खांब उभा करतात, इथे तो उरवावा लागतो. छिन्नी एकदा जास्त खोल गेली की तो तुकडा परत बसवता येत नाही, आणि छताजवळ चुकलेलं माप जमिनीपर्यंत सोबत येतं. अशा कामात नव्या कल्पनेची किंमत फार मोठी असते. म्हणून पाथरवट आधी कुठेतरी जमलेला नमुना धरतो आणि बदल करायचाच तर कडेकडेने करतो. लेण्यांमधल्या दगडी छज्ज्यांवर लाकडी वाशांची टोकं कोरलेली दिसतात ती यामुळेच. दगडाला वाशांची गरज नसते, पण हाताला लाकडाच्या घराचा हिशोब पाठ होता.

आता लेणं क्रमांक १०, उषवदाताचं. व्हरांड्यातले खांब नीट पाहावेत. खाली पायऱ्या-पायऱ्यांच्या बैठकीवर घट, त्यातून वर गेलेला अष्टकोनी दांडा, वर पालथ्या घंटेच्या आकाराचा माथा. त्यावर चौकटीत बसवलेला आवळ्यासारखा खाचांचा गोल, त्याच्यावर एकाहून एक रुंद होत गेलेल्या पातळ पाट्या आणि सगळ्यात वर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी. प्राण्यांच्या पुढच्या आणि मागच्या जोड्यांमधून तुळई गेलीय. या घंटेचा प्रवास मोठा आहे. इराणच्या हखामनी राजवाड्यांतल्या स्तंभांशी तिचं नातं आहे, मौर्यांच्या स्तंभांवर ती दिसते आणि कार्ल्याच्या चैत्यात तर तिच्या रांगाच्या रांगा आहेत. कार्ल्याच्या भिक्षुसंघाला गाव दान दिल्याचा उषवदाताचा लेखही त्या चैत्यात आहे, तेव्हा नमुना कुठल्या वाटेने आला असेल याचा अंदाज करता येतो. आजचा प्रदर्शनकार या खांबाजवळ 'इराणी-भारतीय संगम' अशी पाटी लावेल. पण ज्याने तो खांब उरवला त्याला तो इराणी वाटत असण्याची सुतराम शक्यता नाही. त्याच्या लेखी तो कार्ल्याचा खांब होता, घाटावरचा होता, म्हणजे आपलाच होता. परकं काही घेतोय याची जाणीवच उरू नये इतकं ते मुरलं होतं, आणि मिश्रण पुरं झाल्याची खूण मी याच मुरण्याला समजतो.

पैशाची बाजूही पाहायला हवी, कारण तिथेही हेच चित्र आहे. उषवदाताने ३,००० कार्षापणं संघासाठी कायमची ठेवली, तीही नाशिकजवळच्या गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे: २,००० एका श्रेणीकडे महिना शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं मिळायची. हिशोब करून पाहिला तर चोख जुळतो: २,००० वर वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बाराही २४०. (कुठल्या कॅटलॉगमध्ये प्रायोजकाच्या रकमेबरोबर व्याजाचा दर छापलेला असतो?) हाच माणूस याच लेखांत ब्राह्मणांना दिलेल्या तीन लाख गाई आणि सोळा गावं अभिमानाने मोजतो, पुष्करला जाऊन अभिषेक करवतो आणि लेण्यासाठीचं शेत एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना विकत घेतो. लेखाची भाषाही काही ठिकाणी संस्कृताकडे झुकते आणि पुन्हा प्राकृतावर येते. शक सरदार, बौद्ध संघ, ब्राह्मण जमीनमालक, गोवर्धनचे विणकर असे चौघे एकाच व्यवहारात अडकले आहेत आणि त्यातल्या कोणीही 'संगम' घडवायचा म्हणून त्यात पडलेला नाही.

मग येतं लेणं क्रमांक ३. इथे मामला राजकीय आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं क्षहरात घराणं उखडून टाकलं. त्याची आई गौतमी बलश्री हिने, नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी, हे लेणं भद्रयानीय भिक्षूंना दिलं आणि मुलाची प्रशस्ती कोरवली. शक, यवन, पह्लव यांचा संहार करणारा, क्षहरातांचा निर्वंश करणारा आणि चारी वर्णांची सरमिसळ थांबवणारा, असं त्याचं वर्णन त्यात आहे. हे कोरलेल्या भिंतीपासून मान वळवून त्याच व्हरांड्याचे खांब पाहावेत. तोच अष्टकोनी दांडा, तीच घंटा, त्याच पातळ पाट्या, तेच चार प्राणी, तशीच मधून गेलेली तुळई. दालनाचा आराखडाही तोच: मधलं मोकळं अंगण, तीन बाजूंनी दगडी ओट्यांच्या खोल्या, मागच्या भिंतीवर उठावात स्तूप. सरमिसळ थांबवल्याची घोषणा ज्या लेण्यात कोरली, ते लेणंच उखडलेल्या शत्रूच्या लेण्यावर बेतलेलं आहे.

फरक आहेत, आणि ते बोलके आहेत. घंटा इथे आखूड आणि ढोबळ झालीय, उषवदाताच्या खांबाची लय तिला नाही. पण चौकटीच्या कोपऱ्यांना लहान आकृत्या चिकटवल्या आहेत, दाराभोवती सांचीच्या तोरणाची आठवण करून देणारं कोरीवकाम आहे आणि दारावर बोधिवृक्ष, स्तूप, चक्र आहेत. सगळ्यात मोठी भर व्हरांड्याच्या पायाशी आहे: पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन धिप्पाड यक्ष अख्ख्या लेण्याचा भार खांद्यावर घेऊन जमिनीतून अर्धे वर आलेत, असं ते दृश्य. दहाव्या लेण्यात हे नाही. म्हणजे नमुना शत्रूचा घेतला आणि वर शेरास सव्वाशेर म्हणून यक्ष उभे केले. कलेच्या दृष्टीने कौल द्यायचा तर खांब उषवदाताचे सरस आणि दर्शनी भागाचा दिमाख बलश्रीचा. पण हे तोलून पाहता येतं, कारण दोन्ही लेणी एकमेकांना उद्देशून बोलताहेत. नुसत्या शेजारी टांगलेल्या कामांबद्दल असा कौल देता येत नाही.

हीच गोष्ट धातूतही आहे. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर मुळातच ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशी तीन लिप्यांतली अक्षरं होती. त्यांवर सातवाहनांचा डोंगर आणि उज्जैन चिन्ह बसलं, तरी खालचं राजाचं नाक, एखादं ग्रीक अक्षर डोकावत राहिलं. पुढे सातवाहनांनी स्वतः चांदीची नाणी पाडली ती क्षत्रपांच्या धर्तीची, राजाच्या मुखवट्यासकट. शत्रूचं चलन मोडीत काढता आलं नाही, तेव्हा त्याची तऱ्हाच उचलली.

यावर एक आक्षेप सहज घेता येईल: ही नक्कल वगैरे काही नाही, पाथरवट तेच होते. राजे बदलले, हात बदलले नाहीत. गोवर्धनच्या आसपासच्या कारागिरांना जे येत होतं ते त्यांनी दोन्ही मालकांना करून दिलं. हे अगदी शक्य आहे. किंबहुना मला तेच जास्त संभवनीय वाटतं. पण त्याने माझा मुद्दा कमकुवत होत नाही, उलट घट्ट होतो. मालक भिंतीवर निर्वंशाची भाषा कोरवत होते तेव्हा दोन बाजूंमधलं सातत्य कारागिरांच्या हातात होतं. शिवाय बलश्रीला वेगळा आराखडा मागता आला असता. यक्ष मागितलेच की. तिने खांब तेच ठेवले, कारण राजेशाही लेणं असंच दिसतं ही कल्पना उषवदाताने आधीच रुजवली होती.

दुसरा आक्षेप इंद्राग्निदत्ताचा. तो स्वतःला यवन म्हणवतो, बापाचं नाव धर्मदेव सांगतो, मुलाचं धर्मरक्षित. मुलगा आणि तो मिळून लेणं, चैत्य आणि पाण्याची टाकी देतात. पण त्याच्या, म्हणजे क्रमांक १७ च्या, अपुऱ्या राहिलेल्या लेण्यात ग्रीक म्हणावं असं काय आहे? खांबांवर हत्ती आणि त्यांवरचे स्वार, सगळं इथल्याच वळणाचं. मग हा कसला बहुसांस्कृतिक कलाविष्कार? या प्रश्नात एक अपेक्षा दडलीय: यवनाने यवनासारखं काढावं. आजची प्रदर्शनं याच अपेक्षेवर चालतात. आदिवासी चित्रकाराने आदिवासी काढावं, परदेशात वाढलेल्या मराठी मुलीने नऊवारी आणि घरची आठवण काढावी. इंद्राग्निदत्ताने आपलं मूळ लेखात एका शब्दात नोंदवलं आणि लेणं त्रिरश्मीच्या रीतीने कोरवलं. त्याची ओळख पाटीवर होती, कामावर तिचा बोजा नव्हता. मला हा मोकळेपणा जास्त मोलाचा वाटतो. कार्ल्याचे खांब देणाऱ्या धेनुकाकटच्या यवनांनीही हेच केलं.

तिसरी अडचण मात्र खरी आहे आणि ती टाळून चालणार नाही. दहाव्या लेण्याच्या मागच्या भिंतीवरच्या स्तूपातून पुढे कधीतरी भैरवाची मूर्ती कोरून काढली गेली. अकराव्या लेण्यात जैन तीर्थंकर आणि अंबिका आल्या. लोकांनी बुद्धमूर्तींना पांडव ठरवलं आणि डोंगराला त्यांचं नाव दिलं. हेही मिश्रणच का? मला सरसकट हो म्हणता येत नाही. जैन मूर्ती आल्या तेव्हा शेजारचा दानलेख शिल्लक राहिला. ती वस्ती बदलल्याची खूण आहे. पांडवांचं नाव अज्ञानातून आलं, पण आपुलकीनेही आलं. भीमाचं नाव घेऊन का होईना, लोक वर चढत राहिले. भैरवाचं तसं नाही. तिथे जुनं काम नव्यासाठी कच्चा माल म्हणून वापरलं गेलं. बलश्रीने उषवदाताचा खांब घेतला तरी उषवदाताचा खांब जागेवर राहिला, म्हणूनच आज दोन्ही ताडून पाहता येतात. भैरव घडवताना स्तूप उरला नाही. घेणं आणि पुसणं यांतली रेघ कुठे ओढायची, हा प्रश्न कुठल्याही 'फ्यूजन' म्हणवणाऱ्या कामाला विचारता येईल: ज्याच्याकडून घेतलं ते तुझ्या कामानंतर दिसतं का?

या कसोटीवर तिसरं लेणंही निर्विवाद उतरत नाही. व्हरांड्यातल्या गौतमीपुत्राच्या १८ व्या वर्षाच्या आज्ञेत उषवदाताचं नाव येतं खरं, पण केवळ शेताचा आधीचा धनी म्हणून, ते शेत त्रिरश्मीच्या भिक्षूंना देताना. खांबांच्या उसनवारीबद्दल अर्थातच अवाक्षर नाही. याउलट विसावं लेणं. बोपकी नावाच्या एका भिक्षूने ते सुरू केलं आणि ते कित्येक वर्षं अपुरं पडून राहिलं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या राज्याच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोपाची बायको वासू हिने ते पुरं करून संघाला दिलं. पुढे महायान काळात कोणीतरी मागचा कातळ आणखी फोडला, दालन खोल नेलं, गाभाऱ्यापुढे दोन नक्षीदार खांब उरवले आणि आत भव्य बुद्ध बसवला. शेवटच्या हाताने आपलं नाव लिहिलं नाही. वासूने मात्र लेख कोरवताना आपल्या आधी काम सुरू करणाऱ्या बोपकीचं नाव घातलं, आणि ते अपुरं राहिलं होतं हेही लिहिलं.