इटालियनमध्ये बेत सांगताना

इटालियन शिकू लागलेला विद्यार्थी उद्याचा बेत सांगण्यासाठी आधी भविष्यकाळाची रूपे घोकतो. त्याची तितकी निकड नसते. ‘आर्रीवो दोमानी’ म्हणजे ‘उद्या पोहोचतो’. ठरलेल्या गोष्टीस मराठीप्रमाणेच तेथेही वर्तमानकाळ पुरतो. नुसता विचार असेल, तर ‘पेन्सो दि आर्रिवारे दोमानी’, म्हणजे ‘उद्या पोहोचण्याचा विचार आहे’. (यातला ‘दि’ नवशिक्यांकडून सहज गळतो.) घरमालकाशी बोलताना हा फरक जपावाच, ‘पेन्सो’च्या भरवशावर तो खोली राखून ठेवीलच असे नाही. राहण्याचा इरादा पक्का असल्यास ‘ओ इन्तेन्त्सिओने दि रेस्तारे’. दाराशी आल्यावर ‘स्तो पेर आर्रिवारे’, ‘पोहोचतोच आहे’. भविष्यकाळ मात्र तर्कालाही चालतो: ‘सारान्नो ले ओत्तो’, आठ वाजले असतील!